बोटाला विचारा

माझ्या मामांना खाणावळीत कुणी नावानं हाक मारत नसे. तोंडावर उस्ताद म्हणत आणि पाठीमागे बोट. "बोट आलं का?" "बोट जेवलं का?" माणूस चांगला उंचापुरा, मिशा खुंटीला टांगाव्यात अशा, आणि उल्लेख हा असा नपुंसकलिंगी. एखादा नवखा ट्रकवाला विचारायचा, "हे बोट म्हणजे कोण?" वाढपी सांगायचा, "जेवून घे आधी. मग तूच विचारशील, बोट उद्या आहे ना म्हणून."

मामीला कुणी याबद्दल छेडलं तर ती म्हणे, "लग्न केलं तेव्हा अख्खा माणूस दिला होता हो मला. माझ्या वाट्याला बोट तेवढं राहिलं. बाकीचा भट्टीत गेला."

खाणावळ ट्रकांच्या डेपोच्या फाटकासमोर होती. पुढे लांबलचक बाकडी आणि पत्र्याची टेबलं, मागे स्वयंपाकघर. पुढची जागा नवी, रंगवलेली. मागचं स्वयंपाकघर मात्र सासूनं सुनेसाठी राखून ठेवावं तसं, धुरानं काळं आणि अंधारं. तिथे विटांची भट्टी होती, तिला लोखंडी दार. शेजारी दोन माणसं झोपतील एवढा तवा. भट्टीत बोकडाच्या रानी, म्हणजे अख्ख्या मांड्या, आणि सबंध कोंबड्या भाजायच्या, तव्यावर मांसाचे जाड तुकडे. हे सगळं शिजलं की नाही ते मामांनी सांगायचं. त्यांनी "उतरव" म्हटलं की उतरवायचं, "राहू दे" म्हटलं की राहू द्यायचं. त्यावर अपील नव्हतं.

सांगायची रीत अशी. ताट बाहेर ओढायचं, उजव्या हाताचं मधलं बोट मांसावर ठेवायचं आणि हलकंच दाबायचं, झोपलेल्या पोराचा गाल दाबून बघावा तसं. मी लहानपणी विचारलं होतं, "मामा, कळतं कसं?" ते म्हणाले होते, "कच्चं मांस बोट धरून ठेवतं. शिजलेलं मांस बोट परत देतं. आणि वाळायला लागलं की बोटाशी भांडतं. मधलं जे आहे ना, परत देणारं, तिथे थांबायचं." मी माझं बोट लावून बघितलं. मला फक्त चटका बसला.

मामी त्याच स्वयंपाकघरात कामाला होती. भट्टीच्या शेजारी तिचं जाड लाकडी ओंडक्याचं टेबल आणि हातभर लांब सुरी. मामांनी उतरवलेलं मांस तिनं कापून ताटात लावायचं. तिला तिथे सगळे वहिनी म्हणत. चार हातांवर नवरा-बायको दिवसभर एकमेकांकडे पाठ करून उभे, आणि बोलणं काय, तर "सरक जरा" आणि "गरम आहे, बघ." संसाराचं बाकी बोलणं घरी जाताना रस्त्यात होई.

मग सुई आली.

जुना मालक गेला आणि त्याची सून गल्ल्यावर बसली. बाई शिकलेली, हुशार, आवाज कधी चढवायची नाही. कुठल्याशा दुसऱ्या खाणावळीत कच्ची कोंबडी खाऊन माणसं आजारी पडली होती, तेव्हापासून तपासणीवाले सगळीकडे फिरत होते. मालकीणबाईंनी एक थर्मामीटर आणला. वितभर लांब पोलादी सुई, वर डबीएवढा काचेचा पडदा, त्यावर आकडे उमटायचे. मांसात आतपर्यंत खुपसायची आणि आकडा वाचायचा. कोंबडीला चौऱ्याहत्तर हवेत म्हणे.

मामांनी सुई हातात घेऊन उलटीपालटी केली. "मांसाला ताप आलाय का बघायचा? मग गोळी कोण देणार, मी की तुम्ही?"

सगळे हसले. मालकीणबाईही हसल्या. त्यांनी एवढंच म्हटलं, "उस्ताद, एकदा ताडून तर बघू."

दुपारची गर्दी ओसरल्यावर ताडून बघितलं. आठ कोंबड्या घेतल्या. आधी मामांनी बोट लावून सांगायचं, मग सुई. लांबड्या नावाचा दुसरा आचारी होता, मामांच्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेला, दाराच्या चौकटीला डोकं आपटू नये म्हणून कायम वाकून चालणारा. तो पंच झाला. सात वेळा बोट आणि सुई एकच बोलली. आठव्या कोंबडीला सुई म्हणाली, झाली. मामा म्हणाले, "राहू दे."

"सुई अठ्ठ्याहत्तर सांगतेय उस्ताद," लांबड्या म्हणाला.

"सुईला सांग, तिचं लग्न नवीन आहे. राहू दे."

मामीनं सुरी घेतली आणि मांडी सांध्यापाशी कापली. आत गुलाबी पाणी. सुई हाडाला टेकली होती, म्हणून आकडा वर गेला होता. स्वयंपाकघरात जो गलका झाला तो पुढच्या बाकड्यांपर्यंत गेला. मामांनी मिशीवरून हात फिरवला. मालकीणबाई खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "मान्य. बोटानं सांगायचं. पण तपासणीवाल्यासाठी सुईनं साक्ष द्यायची." साक्ष काढायचं काम मामीकडे आलं, कारण ती शेजारी उभी असायची आणि तिला आकडे नीट वाचता येत. मामांना आकडे वाचताना डोळे बारीक करावे लागत आणि ते त्यांना कमीपणाचं वाटे. सुई मामीच्या एप्रनच्या खिशात गेली. पाच वर्षं ती रोज साक्ष देत राहिली आणि बोट रोज खरं ठरत राहिलं. त्या काळात मामांचं डोकं किती वर गेलं होतं ते काय सांगू. देवळाच्या कळसाला लागत नव्हतं एवढंच.

पण भट्टी काही फुकट शिकवत नाही. तीस वर्षं आगीत हात आणि वरून मामांना साखरेचा आजार. तो त्यांनी पाळला नाही. डॉक्टरनं गोड सोडा म्हटलं की हे म्हणणार, "गोड बोलणं सोडलंय, पुरे नाही का?"

एके सकाळी मामा तव्याशी उभे होते. मामी मागे सुरीला धार लावत होती. ती वास घेत म्हणाली, "अहो, काय करपतंय?"

"काही नाही. तवा रिकामा आहे."

"करपतंय. कातड्याचा वास येतोय."

ती वळली. मामांचा उजवा हात तव्याच्या काठावर टेकलेला होता. मधलं बोट आणि शेजारचं, दोन्ही. मामा खिडकीतून बाहेर बघत होते, डेपोत कुठला ट्रक मागे घेतात ते. मामीनं त्यांचं मनगट धरून ओढलं तेव्हा कातडी तव्याला राहिली.

मामांनी बोटाकडे बघितलं, मग तव्याकडे. माझ्याजवळ त्यांनी हे बऱ्याच काळानं सांगितलं. म्हणाले, "दुखलं असतं तर बरं झालं असतं रे. दुखलंच नाही."

मामीनं थंड पाण्यात हात धरला, फडकं बांधलं. लांबड्या बाहेरून कोळसा घेऊन येत होता. त्यानं विचारलं, "काय झालं वहिनी?"

"काही नाही. चटका बसलाय."

त्या दिवशी मामांनी दुसऱ्या हातानं दाबून बघितलं. डाव्याची बोटंही तशीच, लाकडाची. मांस धरून ठेवतंय की परत देतंय, काही कळेना. त्यांनी अंदाजानं "उतरव" म्हटलं आणि अंदाज बरोबर निघाला. वासावर, रंगावर, वेळेवर त्यांनी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी एक रान चुकली. मामीनं साक्षीची सुई खुपसली, आकडा बघितला, आणि कुणाला काही कळायच्या आत हातानं ताट परत भट्टीकडे ढकलून म्हणाली, "अहो, ऐकलंत का, हे भट्टीचं दार नीट लागत नाहीये. जरा बघा."

मामांना समजलं. त्यांनी दार बघितल्यासारखं केलं आणि रान आणखी वीस मिनिटं आत राहिली.

घरी जाताना रस्त्यात मामी म्हणाली, "उद्यापासून मी आधी सुई लावते. तुमच्या पाठीआडून. तुम्ही बोट लावा. मी 'अहो' म्हटलं की झालंय. 'ऐकलंत का' म्हटलं की राहू द्या."

"लोकांना कळेल."

"काय कळेल? बायको नवऱ्याला अहो म्हणते हे?"

मामा म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

"मी कुणाला सांगतेय? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमची तर मूठ मिटते तरी का बघा आधी."

आणि ती हसली. मामा हसले नाहीत.

मग दीड वर्ष तसंच चाललं. मामा ताट ओढायचे, बोट लावायचे, डोळे मिटायचे, पूर्वीपेक्षा जास्तच मिटायचे. मागून आवाज यायचा, "अहो, ते मीठ द्या," की मामा म्हणायचे, "उतरव." मागून यायचं, "ऐकलंत का, उद्या दळण टाकायचंय," की मामा डोकं हलवून म्हणायचे, "राहू दे." दळणाचा आणि रानीचा संबंध कुणाला लागत नव्हता असं ते धरून चालले होते. ट्रकवाले खिडकीतून डोकावून बघायचे आणि म्हणायचे, काय पण बोट आहे! मामा मिशीवरून हात फिरवायचे. मिशी लागते की नाही तेही त्यांना कळत नव्हतं.

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे.

मामीचा आवाज बसला. सुरुवातीला कुणी लक्ष दिलं नाही. धूर, थंडी, ओरडणं, आवाज बसायला कारणं काय कमी? मध खाल्ला, हळद खाल्ली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. महिना गेला. दोन झाले. ती बोलायची तेव्हा कोरडी पानं तुडवल्यासारखं वाटायचं. लांबड्या म्हणायचा, "वहिनी, तुमच्या घशात बेडूक गेलाय. काढून घ्या, नाहीतर पिल्लं घालील."

मालकीणबाईंनी तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरनं घशात आरसा घालून बघितलं आणि चिठ्ठी लिहिली. मोठ्या इस्पितळात जा. तिथे दुर्बीण घालतील, तुकडा काढून तपासतील, कदाचित दोन-तीन आठवडे राहावं लागेल. टाळू नका.

ती चिठ्ठी घेऊन मामी घरी आली. मामा पाय पसरून बसले होते. तिनं चिठ्ठी वाचून दाखवली, आवाज नव्हता तरी सगळी वाचली. मग म्हणाली, "दोन-तीन आठवडे म्हणतोय."

मामा म्हणाले, "हं."

"हंगाम चाललाय. डेपोत गर्दी आहे. ती ओसरली की जाऊ. ना?"

ही ती वेळ. मामांनी मला हे सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "ती विचारत होती रे. 'ना?' असं म्हणाली. मी एवढंच म्हणायचं होतं, तू उद्या जा, मी सुई वापरतो. किती शब्द झाले? मोज. आणि मी काय म्हणालो माहितीये? मी म्हणालो, बरं, तू म्हणशील तसं."

हंगाम ओसरला. मग दुसरा हंगाम लागला. मालकीणबाई विचारायच्या, "वहिनी, गेलात का?" मामी मानेनं सांगायची, जाते जाते. एकदा त्या तिला बाहेर नळापाशी घेऊन गेल्या आणि बराच वेळ काही समजावत होत्या. मामांनी खिडकीतून बघितलं. मामीनं बाईंचे दोन्ही हात धरले होते. ती आत आली तेव्हा मामांनी विचारलं, "काय म्हणत होत्या बाई?" मामी कुजबुजली, "सुरी नवीन घ्यायची म्हणतायत."

पुढे 'अहो' सुद्धा निघेना. नुसती हवा यायची. तव्याच्या चरचरीत ती मामांपर्यंत पोचायची नाही. मग मामी सुरी उलटी धरून मुठीनं लाकडावर ठोकायला लागली. एकदा ठोकलं की झालंय. दोनदा ठोकलं की राहू द्या. टक. उतरव. टक टक. राहू दे. जेवण तिला जाईना. भाताची पेज घेऊन ती टेबलाशी उभी राहायची. एप्रनचा बंद पाठीमागून पुढे आणून बांधावा लागायचा, इतकी सुकली. मामांना दिसत नव्हतं असं नाही. पण बैलाला झापड लावली की तो समोरचाच रस्ता बघतो. झापड कुणी लावली होती म्हणाल, तर स्वतःच.

चिठ्ठीला सहा महिने झाले. एक दिवस दुपारी ती खोकली आणि टेबलावर रक्त पडलं. लांबड्याला वाटलं मांसाचं आहे. त्यानं फडकं मारलं. ते मांसाचं नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी मामांना बाहेर बोलावलं. तरुण होत्या. त्यांच्या हातात ती जुनी चिठ्ठी होती, मामीनं पिशवीत घडी करून जपून ठेवलेली. त्या चिठ्ठीवरची तारीख बघत म्हणाल्या, "ही तर केव्हाची आहे. तेव्हा का नाही आणलंत?"

मामांच्या तोंडून निघालं, "हंगाम होता."

"कसला?"

मामांनी चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवली. गाठ खाली उतरली होती, काढण्यासारखी राहिली नव्हती. शेवटचे तीन आठवडे मामी खिडकीजवळच्या खाटेवर होती आणि मामा खाटेशेजारच्या स्टुलावर. माझी आई आणि मी डबा घेऊन जायचो. मामी कधी पाटीवर दोन अक्षरं लिहायची. 'जेवलात का.' 'दूधवाल्याला सांगा.' कामाचं एक अक्षर नाही, आणि रागाचं तर नाहीच. मामा वाट बघत होते तिच्या रागाची. आला असता तर सोसला असता.

शेवटच्या दिवशी तिला पाटी धरवेना. डोळे मिटलेले. तिचा हात चादरीखाली मामांच्या हातात होता. मी पायथ्याशी उभा होतो. परिचारिका सलाइन बघायला आली, तिनं चादर उचलून सारखी करता करता हातांकडे बघितलं आणि म्हणाली, "दाबतायत बघा हात तुमचा. काहीतरी सांगतायत."

मामा दचकले. त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. त्यांना काही लागत नव्हतं. त्यांच्या हातात तिचा हात होता की चादरीची घडी, तेही ते डोळ्यांनी बघूनच सांगू शकत होते.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"काय किती वेळा?"

"एकदा दाबला की दोनदा?"

परिचारिका गोंधळली. "मोजलं नाही हो मी."

"आठव ना बाई. एकदा की दोनदा?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मीही मोजलं नव्हतं. मला तेव्हा ठोकण्याचं काही माहीतच नव्हतं. मामा चादर बाजूला करून मामीच्या बोटांकडे टक लावून बसले, डोळ्यांनी तरी मोजता यावं म्हणून. बोटं पुन्हा हलली नाहीत. चार वाजता ती गेली.

मामा पंधरा दिवस घरात बसले. माझ्या आईनं, म्हणजे त्यांच्या बहिणीनं, नाना परीनं समजावलं. "दादा, कामावर जा. भिंती खायला उठतात." सोळाव्या दिवशी ते गेले. मी सोबत गेलो, कारण आईला त्यांची चाल नीट वाटली नाही.

स्वयंपाकघरात सगळं तसंच होतं. मामीच्या टेबलाशी लांबड्या उभा होता, वाकून, मानेला रग लागेल असा. त्यानं मामांना बघून सुरी खाली ठेवली. मामांनी एप्रन घातला, भट्टीचं दार उघडलं, ताट ओढलं. चार कोंबड्या होत्या. त्यांनी बोट लावलं आणि डोळे मिटले.

मी दाराशी होतो. मला त्यांचं तोंड दिसत होतं. घामानं भिजलेलं. तवा चरचरत होता. एक मिनिट गेलं असेल. बोट तसंच कोंबडीवर, आणि बोटाची कातडी लाल व्हायला लागलेली.

तेवढ्यात मागून आवाज आला. टक.

मामांनी डोळे उघडले. ते वळले. लांबड्याच्या एका हातात सुई होती आणि दुसऱ्या हातात उलटी धरलेली सुरी. त्याचं तोंड चोरी सापडल्यासारखं झालं होतं.

"हे काय?" मामा म्हणाले.

"काही नाही उस्ताद."

"हे कुणी शिकवलं तुला?"

लांबड्या जमिनीकडे बघायला लागला. मालकीणबाई गल्ल्यावरून उठून मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामांनी त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"उस्ताद, बसा जरा."

"माहीत होतं का?"

"सगळ्यांना माहीत होतं," बाई म्हणाल्या. "पहिल्या महिन्यापासून. दळणाचं इतकं कोण बोलतं?"

लांबड्या पुढे झाला. "पण त्यात काय उस्ताद? बोट तुमचंच ना. आम्ही आपलं..."

"तू गप." मामा भट्टीच्या कट्ट्यावर बसले. बाईंना म्हणाले, "मग तिला रजा का नाही दिली? तुम्हाला माहीत होतं, तर तिला सांगायचं होतं, की आता लपवायला काही राहिलं नाही. ती माझ्यासाठी थांबली होती."

मालकीणबाई म्हणाल्या, "सांगितलं होतं. नळापाशी नेऊन सांगितलं. म्हटलं, वहिनी, इथे सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी उस्तादांना एक शब्द बोलणार नाही, सुई लांबड्या लावील. तुम्ही आजच्या आज इस्पितळात जा. त्यांनी माझे हात धरले. म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे. पण यांना ठाऊक नाही. मी नसताना दुसऱ्या कुणी खूण केली तर यांना कळेल. ते त्या दिवशीच मरतील. शपथ घातली मला, बोलू नका म्हणून. म्हणाल्या, यांना हळूहळू सांगते आणि मग जाते."

तव्यावरचा तुकडा करपायला लागला होता. कुणी उलटवला नाही.

अख्ख्या खाणावळीत एकच माणूस फसला होता. मामीनं गुपित लोकांपासून नव्हतं लपवलं. लोकांना कळलंय, हे गुपित मामांपासून लपवलं, आणि ते लपवायला तिनं सहा महिने घातले.

मामा उठले. मला वाटलं काहीतरी फेकतील, भिंतीवर डोकं आपटतील. त्यांनी लांबड्याच्या हातातून सुई घेतली. चौथ्या कोंबडीच्या मांडीत खुपसली. हाडाला टेकली असेल म्हणून थोडी मागे ओढली. पडद्याजवळ तोंड नेऊन, डोळे बारीक करून, सगळ्यांसमोर आकडा वाचला. एक एक अंक सुटा. "सात. चार." मग लांबड्याला म्हणाले, "उतरव." एप्रन सोडून कट्ट्यावर ठेवला आणि बाहेर आले. मी मागोमाग. वाटेत म्हणाले, "इतकं सोपं होतं ते."

त्या दिवसापासून ते आमच्याकडे राहतात. मालकीणबाई दोनदा येऊन गेल्या, लांबड्या तर दर आठवड्याला येतो, आमच्या दाराला डोकं आपटून घेतो. मामा त्यांच्याशी हवापाण्याचं बोलतात. मांस खात नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं आहे. पीळ गेला. सुंभाची राख तेवढी आमच्या पडवीत बसलेली असते.

एक खोड नवीन लागली आहे. कुणाचा आवाज बसलेला ऐकू आला की मामा त्याला सोडत नाहीत. शाळेच्या मास्तरीणबाईंना रस्त्यात गाठलं. टपालवाल्याला दारात बसवून घेतलं. लोक पहिल्यांदा हसून उत्तर देतात, दुसऱ्यांदा रस्ता बदलतात. आई म्हणते, "दादाला एकट्याला बाजारात पाठवू नकोस." पण भाजी निवडायला त्यांना आवडतं. हाताला कळत नाही, डोळ्यांनी निवडतात, फार वेळ लावतात.

परवा कांदेवाल्यापाशी उभे राहिले. तो सकाळपासून ओरडून ओरडून घोगरा झाला होता.

"आवाज कधीपासून बसलाय?" मामांनी विचारलं.

"अहो काका, कांदे विकतोय मी. गाणं थोडंच म्हणायचंय?"

"किती दिवस झाले?"

"झाले असतील पंधरा. किती किलो देऊ?"

"दवाखान्यात गेलास?"

"दुकान कोण बघेल काका? तुम्ही बघता?" तो हसला.

मामा हसले नाहीत. "तोंड उघड."

"आँ?"

"तोंड उघड म्हणतो ना."

मी मामांचा दंड धरला. कांदेवाल्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं हातातला तराजू खाली ठेवला आणि तोंड उघडलं. मामा कांद्यांच्या ढिगावरून पुढे वाकले. दुपारच्या उन्हात डोळे बारीक करून ते त्याच्या घशात बघत राहिले. त्यांना तिथे काय दिसणार होतं? मागून एक बाई पिशवी आपटत म्हणाली, "आटपा की लवकर." मामा हलले नाहीत. कांदेवाल्यानंही तोंड मिटलं नाही.